हँग झाला की फॉरमॅट? थांबा भाऊ, आधी हे बघा



"सर, कोरल उघडलं की पूर्ण कॉम्प्युटरच हँग होऊन राहिला. माउस पण हलत नाही. बटन दाबून बंद करावं लागते." अशा अर्थाचा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. मार्केटिंगचा नाही, कर्जाचा नाही, हा. कोरलच्या जागी कोणी टॅली म्हणतं, कोणी फोटोशॉप, कोणी म्हणतं क्रोममध्ये फॉर्म भरताना. पुढचं वाक्य मात्र सगळ्यांचं सारखंच असतं: "मेकॅनिक म्हणते, फॉरमॅट मारून देतो."

माझं मत आधीच स्पष्ट सांगून टाकतो. पटलं नाही तर भांडा, पण आधी पूर्ण वाचा. फॉरमॅट हा इलाज नाही, ती टाळाटाळ आहे. ताप आला म्हणून अंगावरचे कपडे बदलण्यातला प्रकार. थोडा वेळ बरं वाटतं, महिनाभराने ताप परत. मधल्या काळात तुमच्या ग्राहकांच्या फाईली, टॅलीचा डेटा, दोन वर्षांची डिझाइनं गेली ती गेलीच.

घुग्घुसमध्ये, किंवा वणी, राजुरा, गडचांदूर, बल्लारपूर या पट्ट्यात सेवा केंद्र, फ्लेक्सचं दुकान, फोटो स्टुडिओ, अकाउंटिंगचं काम टाकणाऱ्याला हा विषय छोटा वाटू नये. तुमचं भांडवल म्हणजे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि तुमचा वेळ. मुद्राच्या 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. त्यात एक मशीन जेमतेम बसतं, दुसरं नाही. जून महिन्यात दहावी-बारावीच्या पोरांची उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमिलेअर यासाठी रांग लागलेली असते आणि स्क्रीन थिजते. समोरची माऊली रोजी पाडून आलेली असते. ती उद्या तुमच्याकडे येत नाही, समोरच्याकडे जाते. अकाउंटिंगवाल्यांना तर ११ आणि २० या दोन तारखा पाठच असतात, जीएसटीआर-१ आणि ३-बी. २० तारखेला संध्याकाळी मशीन अडकलं तर लेट फी व्यापाऱ्याला बसते आणि नाव तुमचं खराब होतं.

तर मुळात जाऊ. एक प्रोग्रॅम अख्खा कॉम्प्युटर कसा काय अडकवतो?

जुन्या काळी अडकवायचा. विंडोज ३.१ होतं, १९९२ चं, त्यात प्रत्येक प्रोग्रॅमने काम झालं की आपणहून दुसऱ्याला वाट द्यायची असा कारभार होता. एकाने अडून बसायचं ठरवलं की सगळं ठप्प. घाटात एक ट्रक आडवा झाल्यासारखं. विंडोज ९५ पासून हा कारभार बदलायला लागला, आणि २००१ च्या एक्सपीनंतर तर घरगुती कॉम्प्युटरमध्येही प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या कुंपणात राहतो. आजच्या विंडोजमध्ये कोरल किंवा टॅली अडकली तर फक्त ती खिडकी पांढरी पडायला पाहिजे, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' यायला पाहिजे, आणि बाकीचं चालू राहायला पाहिजे.

म्हणून माझा मुद्दा असा आहे की अख्खं मशीन थिजत असेल तर दोष बहुतेक वेळा त्या प्रोग्रॅमचा नसतो. प्रोग्रॅम फक्त वजन टाकतो, आणि खालची फळी आधीच कुजलेली असते. ती फळी म्हणजे रॅम, हार्ड डिस्क, उष्णता, वीज, नाहीतर एखादा ड्रायव्हर. ड्रायव्हर काय करू शकतो ते जगाने १९ जुलै २०२४ ला पाहिलं. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक चुकीचं अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडल्या. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात बसून काम करतं, म्हणून एवढा गोंधळ झाला. तुमचा अँटिव्हायरस, ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर, अंगठा घेणाऱ्या मशीनचा ड्रायव्हर, यांचीही त्या गाभ्यापर्यंत ये-जा असते. टॅलीची नसते.

आता पुढच्या वेळी स्क्रीन थिजली की पॉवरचं बटन दाबायच्या आधी एक मिनिट हात आवरा आणि तीन गोष्टी बघा.

कीबोर्डवर नम लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर विंडोज आतून जिवंत आहे, फक्त गुदमरलंय. पाच-दहा मिनिटं द्या, खूपदा परत येतं. दिवा ढिम्म हलत नसेल तर गाभाच थिजला आहे, आणि तो प्रश्न ड्रायव्हरचा नाहीतर हार्डवेअरचा. मग सीपीयूवरचा हार्ड डिस्कचा छोटा दिवा बघा. तो न लुकलुकता सलग पेटलेला असेल तर डिस्कला दम लागलाय. आणि तिसरं, विंडोजची की, कंट्रोल, शिफ्ट आणि बी, चारही एकदम दाबा. याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. स्क्रीन क्षणभर काळी होते आणि बीप वाजतो. एवढ्यावर मशीन शुद्धीवर आलं तर गुन्हेगार जवळपास सापडला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर.

हे तीन निष्कर्ष दुकानातल्या वहीवर लिहा. तारीख, वेळ, कोणता प्रोग्रॅम, कोणती फाईल, शेजारी काय काय उघडं होतं. मोबाईलमध्ये नको, वहीतच, म्हणजे दुकानात बसणारा तुमचा भाऊ किंवा वहिनीसुद्धा लिहितील. आठ-दहा नोंदी झाल्या की नमुना दिसायला लागतो. दुपारी १ ते ४ मध्येच होतं? उष्णता. मोठी फाईल उघडली की होतं? रॅम. प्रिंट दिली की? प्रिंटरचा ड्रायव्हर किंवा केबल. कॉम्प्युटर रिकामा बसलेला असतानाही होतं? मग रॅमची पट्टी नाहीतर पॉवर सप्लाय. मेकॅनिकला "हँग होते" एवढंच सांगणं म्हणजे डॉक्टरला "बरं नाही" सांगणं. तोही मग त्याला जे येतं तेच करतो.

आता आपल्या पट्ट्याचं खास दुखणं. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओंमध्ये हे तुम्हाला कोणी सांगणार नाही, कारण त्यांना ते भोगावं लागत नाही.

घुग्घुसच्या आजूबाजूला कोळशाच्या खाणी, सिमेंट, स्पंज आयर्न, आणि दिवसरात्र ट्रक. सकाळी पुसलेलं काउंटर दुपारी परत काळं होतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली होती, त्यात चंद्रपूर वरच्या नंबरात होतं. ती धूळ तुमच्या फुफ्फुसात जाते तशी सीपीयूच्या पंख्यातही जाते. प्रोसेसरवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा एक ठोकळा असतो, उष्णता बाहेर टाकणारा. त्या पट्ट्यांमध्ये काळी गादी बसली की पंखा नुसता गरगरतो, हवा आत जातच नाही. वरून मे महिना, पारा ४५ च्या पुढे, दुकान टिनाचं. प्रोसेसर साधारण १०० अंशांच्या आसपास पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग पाडतो. त्यानेही भागलं नाही तर मशीन थिजतं किंवा धाडकन बंद पडतं. आणि आपण म्हणतो, कोरल खराब आहे.

त्यात आपला विदर्भातला कूलर. कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही, मान्य. पण कूलरची थेट झोत सीपीयूवर सोडणारी दुकानं मी इतकी पाहिली आहेत की आता दुकानात शिरलो की आधी कूलरचं तोंड कुठे आहे ते बघतो. ओली हवा आणि कोळशाची भुकटी मिळून पट्ट्यांवर चिखलासारखा थर बसतो, तो नंतर ब्लोअरनेही नीट निघत नाही. पिनांना गंज चढतो तो वेगळाच. कूलर माणसाकडे वळवा, मशीनकडे नाही. सीपीयू जमिनीवर ठेवू नका, पायाजवळ सगळ्यात जास्त धूळ असते. कमरेच्या उंचीवर ठेवा, मागे वीतभर जागा सोडा. आणि हो, धूळ जाऊ नये म्हणून सीपीयूला प्लॅस्टिकचं कव्हर घालून चालू ठेवणारेही आहेत. तसं करू नका, रात्री बंद केल्यावर घाला.

महिन्यातून एकदा ब्लोअर मारा. वायर काढा, दुकानाबाहेर न्या, पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा आणि मग हवा मारा. पातं मोकळं सोडून हवा मारली तर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. ओलं फडकं आत अजिबात नाही. दोन-तीन वर्षं झाली असतील तर मेकॅनिककडून प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलून घ्या. पेस्टची छोटी ट्यूब फार महाग नसते. इथल्या दुकानदाराला 'सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम' आहे असं वाटत असेल, तर मी पहिले पैसे या पेस्टवर लावीन.

पण सगळंच धुळीवर ढकलून चालणार नाही. फ्लेक्सवाल्या पोरांनो, आता तुमच्याकडे येतो.

वाढदिवसाचा १० बाय २० फुटांचा बॅनर. साहेबाचा मोठा फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून चाळीस चेहरे. तुम्ही फाईल उघडता ३०० डीपीआयची, कारण कोणीतरी शिकवलं होतं की ३०० म्हणजे चांगली क्वालिटी. हिशोब करू. १० फूट म्हणजे १२० इंच, गुणिले ३००, झाले ३६ हजार ठिपके. २० फूट म्हणजे २४० इंच, त्याचे ७२ हजार. दोघांचा गुणाकार जवळपास २५९ कोटी. चार रंगांसाठी प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट. म्हणजे १० जीबीच्या वर, फक्त एका थराला! आणि तुमच्या मशीनमध्ये रॅम आहे ४ जीबी. आता ते बिचारं काय करणार? उरलेला माल हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि पुन्हा पुन्हा आणतं. जुनी फिरणारी हार्ड डिस्क रॅमपेक्षा कितीतरी हळू. माउस थिजतो तो इथे.

तोच बॅनर ७२ डीपीआयला करा. ८,६४० गुणिले १७,२८०, म्हणजे साधारण १५ कोटी ठिपके, ६०० एमबीच्या आत. रस्त्यावरून बॅनर बघणारा माणूस २०-२५ फुटांवर उभा असतो, त्याला फरक कळत नाही. व्हिजिटिंग कार्डला ३०० ठेवा, बॅनरला नको. तुमचा प्रिंटिंगवाला किती मागतो ते एकदा विचारून घ्या आणि तेवढंच द्या. एक रुपया न खर्चता निम्मी हँगिंग इथेच थांबते.

तुमच्याकडे नेमकं हेच होतंय का, ते बघायला कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. मशीन ठीक असतानाच उघडून एका कोपऱ्यात ठेवा आणि मग नेहमीचं काम करा. मेमरी ९० टक्क्यांच्या पुढे जाऊन बसली की रॅम कमी आहे. मेमरी बरी आहे पण डिस्क १०० टक्के दाखवतेय आणि खाली वेग मात्र एक-दोन एमबीचाच, तर डिस्क म्हातारी झाली आहे किंवा मरायला टेकली आहे. सीपीयू कायम १०० टक्के, आणि तुम्ही तर काहीच उघडलेलं नाही? मग आत कोणीतरी तुमच्या विजेवर स्वतःचा धंदा चालवतंय.

हा शेवटचा प्रकार चोरीच्या सॉफ्टवेअरमुळे होतो. क्रॅक टाकताना "आधी अँटिव्हायरस बंद करा" असं लिहिलेलं असतं. घराचं दार उघडं ठेवून चोराला कुठे काय आहे ते सांगण्यासारखं आहे हे. अशा क्रॅकमधून क्रिप्टो कमावणारे प्रोग्रॅम आत बसतात आणि तुमचा प्रोसेसर रात्रंदिवस पिळतात. मूळ कोरल महाग आहे हे मलाही माहीत आहे. मग इंकस्केप शिका, फुकट आहे, कायदेशीर आहे, मराठी युनिकोड चालतं. शिकायला पंधरा दिवस जातील. ज्याच्या कॉम्प्युटरवर लोकांचे आधार आणि बँक पासबुक स्कॅन होतात, त्याने क्रॅक वापरणं मला तरी धंद्याशी बेइमानी वाटते.

टास्क मॅनेजरमध्ये काही सापडलं नाही तर स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' एवढंच टाइप करा. 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येईल. त्यात तारखेप्रमाणे लाल फुल्या दिसतात, कोणत्या दिवशी काय कोसळलं त्या. तुमच्या वहीशेजारी ठेवून जुळवा. लाल फुल्यांच्या आदल्या दिवशी काय इन्स्टॉल झालं होतं ते त्याच पानावर दिसतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडता येत असेल तर सिस्टिमच्या यादीत 'डिस्क' नावाखाली ७ किंवा १५३ नंबर शोधा. ७ म्हणजे डिस्कवर खराब जागा, १५३ म्हणजे डिस्कने पहिल्या झटक्यात ऐकलं नाही, परत विचारावं लागलं. हे नंबर वारंवार दिसले तर हातातलं काम सोडा आणि आधी डेटाची कॉपी काढा. कर्नल-पॉवर ४१ दिसला तर घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता बंद झालं. तुम्ही बटन दाबलं असेल तरी तो येतो.

आणि इथे एक गोष्ट मेकॅनिकच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगा: मरायला टेकलेल्या डिस्कवर कॉपी घेण्याआधी 'चेक डिस्क' चालवायची नाही, फॉरमॅट तर नाहीच. त्या शेवटच्या धावपळीत डिस्क जीव सोडते. टॅली प्राइममध्ये आल्ट आणि वाय दाबून बॅकअप निघतो. दोन मिनिटांचं काम आहे. बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो पेन ड्राइव्ह घरी न्या, त्याच मशीनच्या ड्रॉवरमध्ये नको.

बाकी राहिलं ते पटकन. दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक काढा, दोघं एकमेकांवर पहारा देत बसतात. यूएसबीला जे काही लावलंय, अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचा टोकन, स्वस्तातला हब, ते सगळं काढा आणि अर्धा दिवस काम करून बघा, मग एकेक परत लावा. रॅमची पट्टी काढून पिना खोडरबरने पुसून बसवणं हा जुना देशी उपाय आहे, हसू नका, चालतो. विंडोजमध्ये मेमरी डायग्नोस्टिक आहे, ते रात्री लावून घरी जा. दिवे मंद होतात त्याच वेळी मशीन थिजत असेल तर यूपीएसची बॅटरी बघा. मात्र एका वेळी एकच बदल करायचा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर नेमकं काय लागू पडलं ते कळत नाही, आणि सहा महिन्यांनी चारही पुन्हा कराव्या लागतात.

आता कोणी म्हणेल, "पण सर, फॉरमॅट केल्यावर खरंच फास्ट चालते!" चालतं. कारण नव्या विंडोजमध्ये सोबत सुरू होणारे पंधरा प्रोग्रॅम नसतात, डिस्क रिकामी असते, रॅम मोकळी असते. हळूहळू तुम्ही तेच सगळं परत टाकता. स्टार्टअपमधून नको ते प्रोग्रॅम बंद करा, सी ड्राइव्हवर जागा मोकळी करा, फॉरमॅटचा बराचसा फायदा फॉरमॅटशिवाय मिळतो. व्हायरसने विंडोजच खाऊन टाकलं असेल तेव्हा फॉरमॅट करावंच लागतं, नाही म्हणत नाही. पण तो शेवटचा उपाय आहे. आपल्याकडे तो पहिला झालाय, कारण त्यात मेकॅनिकला डोकं लावावं लागत नाही आणि दर वेळी ठरलेले पैसे मिळतात.

नवीन मशीन घ्या म्हणणाऱ्यांचंही तसंच. एक आहे, विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे सुरक्षेसाठी कधीतरी पुढे जावंच लागेल. पण मशीन विंडोज ११ घेऊ शकत असेल तर आधी फिरणारी डिस्क काढून एसएसडी टाका आणि रॅम वाढवा. विंडोज ११ साठी कागदावर ४ जीबी पुरते. दुकानासाठी मी ८ च्या खाली सांगणार नाही, फ्लेक्ससाठी १६. भाव वर-खाली होत असतात, दोन ठिकाणी विचारा. आणि नवीन दुकान टाकणाऱ्यांना खास सांगणं: कोटेशन बनवताना काचेचा दरवाजा, पीओपी आणि रंगीत बोर्डाला तिप्पट पैसे आणि कॉम्प्युटरला "जुना चालते", असं करू नका. ग्राहक दरवाजा बघून एकदा येतो.

मशीन दुरुस्त होईपर्यंत धंदा मात्र चालू ठेवायचा आहे. त्यासाठी काउंटरवर दुसरी वही ठेवा: ग्राहकाचं नाव, काम, अर्जाचा नंबर, पैसे भरले की नाही. फॉर्म भरताना अर्ज नंबर आला रे आला की आधी वहीत उतरवा, मग पुढे जा. पैसे कापले आणि तेवढ्यात स्क्रीन थिजली तर घाईने दुसऱ्यांदा भरू नका. मोबाईलवरून त्या साइटवर लॉगिन करून व्यवहाराची यादी बघा, बँकेचा मेसेज बघा. समोर बसलेल्या ताईंना खरं सांगा, "ताई, मशीन अडकली, तुमचा नंबर लिहून ठेवलाय, पावती संध्याकाळपर्यंत मोबाईलवर पाठवतो." आणि संध्याकाळी खरंच पाठवा.

पुढच्या व्हिडिओत टास्क मॅनेजर आणि रिलायबिलिटीचं पान प्रत्यक्ष उघडून दाखवतो. तोपर्यंत वहीत निदान आठ नोंदी करून ठेवा, आणि आज संध्याकाळी शटर खाली करायच्या आधी सीपीयूचं झाकण काढून आतल्या पंख्याचा एक फोटो घ्या.